खून हँगरमध्ये, निकाल सत्र न्यायालयात

विमान व्यवसायाच्या पार्श्वभूमीवर, कोर्टात उलगडत जाणारी खुनाची कथा दिवाळी अंकासाठी लिहायला घेतलेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी बरेच आले. उत्तरं एक फौजदारी वकील आणि एक परवानाधारक विमान देखभाल अभियंता यांनी मिळून दिली आहेत. कथानक तुमचं, कुठे हसं होईल तेवढंच आम्ही सांगतो.

प्रश्न : माझ्या कथेत चार्टर कंपनीच्या मालकाचं छोटं विमान पडतं. शेवटच्या प्रसंगात सरकारी वकील अपघात चौकशीचा अहवाल वाचतात, 'बोल्टचा नट मुद्दाम काढला होता' असं त्यात निघतं आणि आरोपी पिंजऱ्यातच गुन्हा कबूल करतो. चालेल का? (सांगली)

नाही. यात दोन चुका आहेत आणि पहिली फार मोठी आहे. भारतात विमान अपघाताची चौकशी एएआयबी, म्हणजे सरकारचं विमान अपघात अन्वेषण कार्यालय, करतं. ही चौकशी शिकागो कराराच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या कराराच्या) तेराव्या परिशिष्टाच्या चौकटीत चालते आणि तिचा हेतू एकच असतो: पुढचा अपघात टाळणं. दोष कुणाचा, हे ठरवणं तिचं काम नाही. त्यामुळे तो अहवाल म्हणजे निकालपत्र नव्हे, आणि तो नुसता वाचून दाखवून खून सिद्ध होत नाही. पोलिसांना आपला पुरावा स्वतंत्रपणे उभा करावा लागतो.

तो कसा उभा राहतो, ते कथेत दाखवा. आधी पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, इन्क्वेस्ट पंचनामा आणि शवविच्छेदन होतं. घातपाताचा संशय आला की भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ खाली गुन्हा नोंदला जातो. (घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर भादंवि ३०२. ही तारीख पुष्कळ लेखक विसरतात.) तोवर अवशेष एएआयबीच्या ताब्यात असतात. तो बोल्ट पोलिसांकडे कधी आला, पंच कोण होते, पाकिटावर कुठल्या क्रमांकाचं सील होतं, आणि प्रयोगशाळेत पाकीट उघडलं तेव्हा तेच सील होतं का, यावरच बचाव पक्षाचा वकील तास-दीड तास घेईल. खटले इथे सुटतात.

आता बोल्टकडे येऊ. नियंत्रण पृष्ठभागांच्या सांध्यावर, म्हणजे शेपटावरच्या एलेव्हेटरच्या किंवा पंखांवरच्या एलेरॉनच्या जोडणीत, बोल्टला बहुधा कॅसल नट असतो आणि त्याच्या खाचेतून स्प्लिट पिन घातलेली असते. पिन जागेवर असेल तर नट आपोआप फिरून निघत नाही. विमान आपटताना नट उपटला गेला असेल तर बोल्टचे आटे ओरबाडलेले दिसतात, बोल्ट वाकलेला किंवा तुटलेला असतो. नट आधीच नव्हता आणि बोल्ट घसरून बाहेर आला असेल, तर आटे बऱ्यापैकी शाबूत राहतात. धातुतज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली हे सांगू शकतो. पण तो 'नट आधीच नव्हता' एवढंच सांगेल. तो बसवायचा राहिला की कुणी काढला, हे बोल्ट सांगत नाही. राहिला असेल तर निष्काळजीपणा, काढला असेल तर खून. तुमचं सगळं रहस्य या फटीत बसतं, आणि ती भरून काढायला कागद लागतात. नियंत्रण यंत्रणेवर काम झालं की एकाने केलेलं काम दुसऱ्या पात्र माणसाने स्वतंत्रपणे तपासून सही करायची असते. दोन्ही सह्या आहेत, आणि तरी नट नाही. म्हणजे एक तर दोघांनी न बघता सह्या केल्या, नाही तर सह्यांनंतर कुणी तरी तिथे गेलं.

दुसरी चूक कबुलीची. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. कोर्टात सगळा पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला त्याच्याविरुद्धच्या एकेका मुद्द्यावर प्रश्न विचारतात, आणि बहुतेक आरोपींची उत्तरं 'खोटं आहे', 'मला माहीत नाही' अशीच असतात. आरोपी कोसळलाच पाहिजे असा हट्ट असेल, तर त्याला आपल्याच वकिलाच्या अति हुशार उलटतपासणीमुळे कोसळवा. ते अधिक खरं वाटतं.

प्रश्न : न्यायाधीश 'ऑर्डर, ऑर्डर' म्हणत हातोडा आपटतात, हे दाखवू ना? (सातारा)

नको. भारतीय न्यायालयांत हातोडा वापरत नाहीत. सत्र न्यायालयात 'माय लॉर्ड'ही नको, ते उच्च न्यायालयाचं संबोधन. ज्युरीही नको, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. घटना मुंबई विमानतळ परिसरात घडवलीत तर खटला काळा घोड्याच्या मुख्य सत्र न्यायालयात न नेता उपनगरातल्या दिंडोशीच्या न्यायालयात न्या.

प्रश्न : आरोपी देखभाल अभियंता आहे. घटनेच्या वेळी तो दुसरीकडे होता, याचा पक्का पुरावा त्याच्याकडे आहे. तो कोर्टात मोडायचा कसा? योगायोग नको आहे. (कोल्हापूर)

योगायोगाची गरज नाही. विमान व्यवसायात त्यासाठी एक तयार हत्यार आहे: घड्याळ. विमानाच्या टेक लॉगमधल्या (तांत्रिक नोंदवहीतल्या) वेळा सर्वसाधारणपणे यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहितात. भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. त्यामुळे आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यापासून पहाटे ५ वाजून २९ मिनिटांपर्यंत केलेल्या नोंदीवर आदल्या दिवसाची तारीख पडते.

असं समजा, टेक लॉगमध्ये नोंद आहे: तारीख १३, वेळ २०१०. तपासी अंमलदार ती '१३ तारखेला रात्री ८ वाजून १० मिनिटं' अशी वाचतो. आरोपी त्या वेळी पुण्यात चुलतभावाच्या रिसेप्शनला होता. व्हिडिओ आहे, दोनशे माणसांनी पाहिलं आहे. पोलीस त्याला सोडून दुसऱ्याच्या मागे लागतात. प्रत्यक्षात ती नोंद १४ तारखेच्या पहाटे १ वाजून ४० मिनिटांची आहे. पुण्याहून सांताक्रूझला गाडीने यायला रात्री तीन-चार तास पुरतात. म्हणजे तो रिसेप्शनला होता हे खरं, आणि हँगरमध्ये होता हेही खरं.

पण हे 'एकदम आठवलं' म्हणून चालत नाही. ती वेळ यूटीसीच आहे हे सिद्ध करावं लागतं, आणि इथे खरी मजा आहे, कारण बऱ्याच ठिकाणी टेक लॉग यूटीसीत, हँगरमधलं जॉब कार्ड भारतीय वेळेत आणि शिफ्ट हॅण्डओव्हरची वही ज्याच्या त्याच्या मनाप्रमाणे लिहिलेली असते. म्हणून कंपनीच्या क्वालिटी मॅनेजरला साक्षीला बोलवा. त्याच्याकडून कंपनीची कार्यपद्धतीची पुस्तिका सिद्ध करून घ्या. नोंदी कुठल्या वेळेत करायच्या ते तिच्यात लिहिलेलं असतं. मग प्रवेशद्वाराच्या बायोमेट्रिक नोंदी घ्या, त्या भारतीय वेळेत असतात. टूल क्रिबच्या (हत्यारं देण्याघेण्याच्या खोलीच्या) वहीत टॉर्क रेंच कुणी, किती वाजता नेला आणि परत केला हे मिळतं. सीसीटीव्हीचं घड्याळ दहा-वीस मिनिटं पुढेमागे असतंच. जप्तीच्या वेळी त्यावरची वेळ आणि खरी वेळ यांतला फरक पंचनाम्यात लिहिलेला नसेल, तर चित्रण हातात असूनही अर्धं वाया जातं.

सही कुणाची, हाही मुद्दा आहेच. एएमईच्या (परवानाधारक देखभाल अभियंत्याच्या) शिक्क्यावर त्याचा क्रमांक असतो आणि शिक्का दुसऱ्याला द्यायचा नसतो. रात्रपाळीला 'जरा मार ना माझा शिक्का' हे घडू शकतं. बचाव पक्ष हेच म्हणेल.

ऐन वेळी खिशातून कागद काढून कोर्टाला चकित करण्याचा मोह टाळा. दोषारोपपत्रासोबतचे सगळे कागद आरोपीला आधीच द्यावे लागतात. उलट यातच गंमत आहे: टेक लॉगचं पान दोन्ही वकिलांसमोर, न्यायाधीशांसमोर आणि वाचकासमोर पहिल्या प्रकरणापासून पडलेलं आहे, फक्त ते कुणी नीट वाचलेलं नाही.

प्रश्न : विमान हेच खुनाचं साधन, आणि त्यावर प्रत्यक्ष खटला चालला, असं खरं उदाहरण आहे का? (पुणे)

आहे, आणि कथालेखकाने ते बारकाईने पाहावं असं आहे. १ नोव्हेंबर १९५५ रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हरहून निघालेलं युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-६बी, उड्डाण क्रमांक ६२९, अकरा मिनिटांत लाँगमाँटजवळ आकाशात फुटलं. ४४ जण गेले. शेतांत मैलोगणती पसरलेले तुकडे गोळा करून एका गोदामात लाकूड आणि तारेच्या जाळीच्या सांगाड्यावर विमान पुन्हा 'चढवलं' गेलं. प्रत्येक तुकडा कुठे सापडला ते नकाशावर टिपलेलं होतंच. सांगाड्यावर भोक पडलं ते ४ नंबरच्या सामानकक्षापाशी. तो कक्ष डेन्व्हरला रिकामा करून तिथल्याच सामानाने भरलेला होता. म्हणजे न्यूयॉर्क-शिकागोहून आलेले प्रवासी संशयातून गेले आणि वर्तुळ एकदम लहान झालं.

मग सामानाचा हिशेब. बाकीच्यांच्या बॅगा थोड्याफार ओळखू येत होत्या. डेझी किंग या बाईंच्या बॅगेच्या मात्र चिंध्याच उरल्या होत्या. त्यांचा मुलगा जॅक गिल्बर्ट ग्रॅहम याने विमानतळावरच्या यंत्रातून आईच्या नावे विमा काढला होता. त्या काळी तिकडच्या विमानतळांवर नाणी टाकली की प्रवासविम्याची पॉलिसी देणारी यंत्रं असत. तोही विमान व्यवसायाचाच एक कोपरा. पॉलिसी होती ३७,५०० डॉलरची, आणि तिच्यावर आईची सहीच नव्हती, म्हणजे पैसे मिळण्याची शक्यता मुळातच नव्हती. रहस्यकथेत असं कल्पून लिहिलं तर संपादक 'फार झालं' म्हणून खोडतील.

कोर्टातला डाव त्याहून चांगला. प्रवासी विमान स्फोटाने उडवणं हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारा संघराज्याचा कायदा तेव्हा नव्हताच. म्हणून कोलोरॅडो राज्याने ४४ खुनांऐवजी फक्त एकाच खुनाचा, आईच्या खुनाचा, आरोप ठेवला. तिथे हेतू, पूर्वतयारी आणि संधी ही तिन्ही सरळ जुळत होती. ग्रॅहमने कबुली दिली होती, नंतर ती फिरवली. ५ मे १९५६ रोजी तो दोषी ठरला, ११ जानेवारी १९५७ रोजी त्याच्या मृत्युदंडाची अंमलबजावणी झाली. नवा कायदा दरम्यान, जुलै १९५६ मध्ये आला.

याच्याही आधी, ९ सप्टेंबर १९४९ रोजी कॅनडातल्या क्युबेकजवळ आल्बेर ग्वे या जवाहिऱ्याने बायकोचा काटा काढायला एक डीसी-३ पाडलं, २३ माणसं गेली. विमान सुटायला पाच मिनिटं उशीर झाला, म्हणून ते नदीवर न फुटता जमिनीवर फुटलं आणि पुरावा हाती लागला. त्या पाच मिनिटांवर तीन माणसं फासावर गेली.

प्रश्न : ब्लॅक बॉक्समध्ये खुन्याचा आवाज सापडतो, अशी कल्पना आहे. (नाशिक)

आधी विमान कुठलं ते ठरवा. ५,७०० किलोंपेक्षा हलक्या बहुतेक विमानांत कॉकपिटमधले आवाज टिपणारं यंत्र नसतंच. मोठ्या विमानात असतं, पण बऱ्याच विमानांत ते शेवटचे दोन तासच ठेवतं, त्याआधीचं पुसून त्यावर नवं लिहितं. नव्या मोठ्या विमानांत ही मुदत २५ तासांवर गेली आहे. घटना घडून विमान सुखरूप उतरलं आणि सर्किट ब्रेकर (यंत्राची वीज तोडणारं बटण) ओढायचा राहिला, तर विमानाला वीजपुरवठा चालू असेपर्यंत यंत्र आज्ञाधारकपणे पुढचं टिपत राहतं आणि तुमचा पुरावा पुसून टाकतं. ब्रेकर कुणी ओढला नाही, विसरून की मुद्दाम, यावर एक अख्खं प्रकरण निघेल.

ध्वनिमुद्रण तेराव्या परिशिष्टानुसार संरक्षित असतं, पोलिसांना मागितलं की मिळतं असं नाही. मिळालं तरी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं: एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात होतं त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा. या प्रमाणपत्राचा आग्रह जालन्याच्या एका निवडणूक वादातून सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पक्का केला, तेव्हा जुन्या कायद्याचं कलम ६५-ब होतं. बचाव पक्षाचा पहिला वार इथेच बसू द्या.

आणि पेटी नारिंगी असते. काळी लिहू नका.

प्रश्न : फ्लाइंग स्कूलच्या विमानात चुकीचं इंधन भरून खून, हे तांत्रिकदृष्ट्या टिकेल का? (बारामती)

टिकेल, पण खून म्हणून सिद्ध करणं फार अवघड, कारण जगभर हे चुकून घडत आलेलं आहे. पिस्टन इंजिनाला एव्हगॅस १००एलएल (विमानाचं पेट्रोल) लागतं, ते निळसर असतं. जेट इंजिनाचं इंधन जेट ए-१ रंगहीन किंवा फिकट पिवळं. ते मिसळलं की निळा रंग फिका पडतो. उड्डाणापूर्वी टाकीच्या तळातून नमुना काढून पाहणं हे वैमानिकाचं रोजचं काम. पांढऱ्या कागदावर थेंब टाकला तर एव्हगॅस उडून जातं, जेट ए-१ चा तेलकट डाग राहतो. जेटच्या पंपाचं तोंड रुंद, चपटं असतं. पिस्टन विमानाच्या भरणीत ते सहसा जाऊ नये अशीच ती रचना असते. ज्याने ते तोंड बदललं त्याने मुद्दाम केलं, हा तुमच्या सरकारी वकिलाचा सगळ्यात भक्कम मुद्दा. बाकी पुरावा म्हणजे बाऊझरच्या (इंधनाच्या टँकरच्या) मीटरचे आकडे, इंधनाची पावती आणि तिच्यावरची सही, राखून ठेवलेले नमुने.

हेतू सिद्ध झाला नाही तर कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यू, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. तुमच्या खुन्याला हेच हवं असेल. त्याने अपघात वाटेल असं केलेलं नाही, निष्काळजीपणा वाटेल असं केलं आहे. ही कथा आम्हाला वाचायला आवडेल.

प्रश्न : दुबईहून मुंबईला येताना समुद्रावर विमानात खून झाला. गुन्हा कुठे? (डोंबिवली)

नोंदणी पाहा. विमानाच्या शेपटाजवळ 'व्हीटी'ने सुरू होणारी अक्षरं असतील तर ते भारतीय, आणि ते जगात कुठेही असलं तरी न्याय संहिता लागू होते. पण भारताबाहेर घडलेल्या गुन्ह्याचा खटला चालवायला केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते. ती न घेतल्याचा मुद्दा बचाव पक्षाने खटला रंगात आल्यावर काढला, तर मधल्या प्रकरणाला चांगला झटका मिळतो.

प्रश्न : मराठी माणसांशी जोडलेलं असं एखादं प्रकरण? (पणजी)

'काश्मीर प्रिन्सेस'. एअर इंडियाचं लॉकहीड कॉन्स्टेलेशन, ११ एप्रिल १९५५ रोजी हाँगकाँगहून जकार्ताला निघालं. आशियाई-आफ्रिकी देशांच्या बांडुंग परिषदेसाठी चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय त्यातून जाणार होते, पण ते त्या विमानात नव्हते. टाइमबॉम्बचा स्फोट झाला, कॅप्टन जटार यांनी जळतं विमान नाट्युना बेटांजवळ समुद्रात उतरवलं. १९ पैकी तिघेच वाचले: दीक्षित, पाठक आणि देखभाल अभियंता कर्णिक. बॉम्ब उजव्या चाकाच्या कप्प्यात होता, आणि संशय होता विमानतळावरच्या एका सफाई कामगारावर. तो तैवानला निसटला, तैवानने त्याला परत दिलं नाही, आणि खटला उभाच राहिला नाही.

लेखकासाठी यातला मुद्दा असा: चाकाच्या कप्प्यात हात घालायला तिकीट लागत नाही, एप्रनवर (विमानं उभी करतात त्या जागेवर) जायचा पास लागतो. संशयितांची यादी प्रवाशांपासून सुरू करू नका. लोडर, क्लीनर, केटरिंगवाला, इंधनवाला, एएमई. विमान उभं असताना त्याला कोण कोण शिवलं, ही यादी आधी करा.

प्रश्न : केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइड शिरून वैमानिक मरतो. शवविच्छेदनात कळेल ना? (अमरावती)

रक्त नीट ठेवलं तर कळेल. पिस्टन विमानात केबिन गरम करणारी हवा एक्झॉस्टभोवतीच्या आवरणातून येते. एक्झॉस्टला तडा गेला तर वायू आत येतो. २१ जानेवारी २०१९ ला इंग्लिश खाडीत पडलेल्या पायपर मालिबूमध्ये फुटबॉलपटू एमिलियानो सालाच्या रक्तात कार्बॉक्सीहिमोग्लोबिन ५८ टक्के निघालं. ५० च्या वर गेलं की ते प्राणघातक ठरू शकतं. त्या प्रकरणात पुढे कार्डिफला खटला चालला तो मात्र उड्डाण कसं ठरवलं गेलं यावर: वैमानिकाकडे व्यावसायिक परवाना नव्हता, रात्री उडण्याची पात्रताही नव्हती. उड्डाण ठरवणाऱ्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली.

तुमच्या कथेत विमान पडल्यावर आग लागू देऊ नका. आगीच्या धुरातही हाच वायू असतो, मग तो पडण्याआधी रक्तात गेला की नंतर, हा वाद सुरू होतो. आग हवीच असेल तर डॉक्टरला श्वासनलिकेत काजळी शोधू द्या. काजळी नाही आणि टक्केवारी जास्त, म्हणजे वैमानिकाने आगीत श्वासच घेतला नव्हता, वायू आधीच गेला होता. आणि रक्ताची बाटली काठोकाठ भरून, घट्ट बूच लावून कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवा. अर्धी रिकामी बाटली आठवडाभर उष्ण मुद्देमाल खोलीत पडून राहिली, तर उलटतपासणीत बचावाचा वकील सीए रिपोर्टमधल्या (रासायनिक विश्लेषकाच्या अहवालातल्या) आकड्याला हातही लावणार नाही. तो फक्त विचारेल, बाटली कुठल्या तारखेपासून कुठे होती.